हातभर अंतर

वेंदेल गेला. झोपेत, मंगळवारी पहाटे,
साध्या सर्दीचं निमित्त होऊन.
आम्हा सगळ्यांना जरा फसवल्यासारखंच वाटलं.

तिसा नदीकाठच्या त्याच्या अंगणात
गॅसच्या शेगडीवर माशांचा लाल रस्सा उकळतोय,
आणि आम्ही सात म्हातारे
एकमेकांशी ओरडून बोलतोय.
पलीकडच्यांना वाटतं, भांडण जुंपलंय.
आगीच्या घशाशी ज्यांनी उमर काढली
त्यांना हळू बोलणं जमत नाही.
वेंदेल तर "मीठ दे" एवढंही
पूर आल्याची वर्दी दिल्यासारखं म्हणायचा.

चौदा नंबरची विहीर पेटली, तो डिसेंबर.
एकोणीस दिवस गावात रात्र झाली नाही.
कोंबडे वेळीअवेळी आरवले,
मग घसा बसून गप्प झाले.
चहूकडे बर्फ, आणि विहिरीभोवती गवत हिरवंगार;
शाळेमागचं जर्दाळूचं झाड
खुळ्यासारखं थंडीत फुललं
आणि आठवड्यात काळं पडलं.
आगीत तेल ओतू नये म्हणतात.
इथे ओतणारं कुणी नव्हतंच,
जमीन स्वतःच ओतत होती.

मी एकविसाचा, पाण्याचा पाइप धरायला.
त्याने मानगूट धरून मला वाकवलं:
"ज्वाळेकडे नको बघू. खाली बघ.
नळीचं तोंड आणि ज्वाळ, मध्ये काय आहे?"

काहीच नव्हतं.
हातभर मोकळी जागा, काचेसारखी थरथरती,
जिथून वायू इतक्या वेगाने सुटतो
की त्याला पेटायलाही सवड नसते.

"आपलं काम तिथे," तो कानात ओरडला,
"वरचा सगळा तमाशा."

भंगारातल्या लढाऊ विमानाचं इंजिन
ट्रकच्या पाठीवर बांधलेलं.
त्याने ते रोखलं त्या हातभर जागेवर
आणि घातली फुंकर.
बाया चूल पेटवायला घालतात तीच,
फक्त उलट्या अर्थाची.

आग गेली.
इतका अंधार की माझे हात मला सापडेनात.
आणि तेव्हा कळलं, खरी भीती आता सुरू होते:
वायू तसाच सुटतोय, न पेटलेला,
एका ठिणगीची वाट बघत.
कांशाच्या हातोड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले बूट.
असल्याच एका अंधारात, दुसऱ्या एका विहिरीवर,
ओश्वाल्द राहिला.
त्या विहिरीचं नाव वेंदेलने पुन्हा घेतलं नाही.
पदकाच्या समारंभात त्याला भाषण करायला सांगितलं,
तो म्हणाला, "ओश्वाल्द लांब टांगा टाकायचा,"
आणि खाली बसला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
तापून बोट भाजू नये म्हणून
लग्नाची अंगठी तो माझ्या खिशात ठेवायचा.
चौदा नंबरच्या चिखलात ती गेली.
मी रडलो, तो हसला.
तुटक्या हातोडीच्या तुकड्यातून
त्याने लेथवर एक कडं काढलं, घासलं, घातलं,
आणि मला म्हणाला, "एतेल्काला कळायचं नाही."

आज एतेल्काने ते माझ्या तळहातावर ठेवलं.
"बोट हिरवं करणारं सोनं," म्हणाली,
"पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं मी.
खरं असतं तर त्या कडक हिवाळ्यात विकलं असतं.
तू जेवून घे."

मी शेगडीशी वाकलो, उगाचच.
निळी ज्योत, खाली बर्नरचं भोक,
आणि मध्ये, नीट पाहिलं तर,
नखाएवढं काहीच नाही.

"मीठ बघ रे जरा!" एतेल्का ओरडली.
तिचे कान अजून शाबूत आहेत.